चमत्कार पाहून बसलेला विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या वर्गात, चंगाई सभेहून (आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेहून) परतताना, इस्पितळात खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांकडून आणि ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांकडूनही हे प्रश्न येत राहतात. उत्तरांसाठी मुख्य आधार योहानकृत शुभवर्तमानाचा, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या एका चरित्राचा, घेतला आहे, कारण डोळ्यांनी पाहणे आणि विश्वास ठेवणे यांचा एकमेकांशी संबंध काय, हे योहानाइतके बारकाईने दुसऱ्या कोणी मांडलेले नाही. जिथे लागेल तिथे बाकीची शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये आणि जुना करार घेतला आहे. कंसात अध्याय आणि वचन दिले आहे; पुस्तकाचे नाव नसेल तिथे योहान समजावे. आपले बायबल उघडून पडताळून पाहावे, ही विनंती.

चमत्कार पाहून विश्वास ठेवणे बायबलला मान्य आहे का?

हो, आणि त्यात कमीपणा मानायचे काही कारण नाही. काना गावातल्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा शुद्धीकरणासाठी ठेवलेले सहा दगडी रांजण येशूने पाण्याने काठोकाठ भरून घेतले. योहानाने त्यांचे मापही दिले आहे. आजच्या हिशेबाने सगळे मिळून साधारण 450 ते 700 लिटर. त्या पाण्याचा द्राक्षारस झाला आणि त्याच्या शिष्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला (योहान 2:11). हे सांगताना योहानाच्या लिहिण्यात कुठेही नाराजी नाही. शुभवर्तमानाच्या शेवटाकडे तर तो उघडच म्हणतो की ही चिन्हे (चमत्कारांना योहान चिन्हे म्हणतो) लिहून ठेवली ती तुम्ही विश्वास ठेवावा म्हणूनच (20:30-31).

पण त्याच लग्नातली आणखी एक गोष्ट वाचताना निसटते. भोजनकारभाऱ्याला तो द्राक्षारस कुठून आला हे कळले नव्हते. पाणी भरणाऱ्या चाकरांना मात्र कळले होते. म्हणजे चमत्कार सर्वांत जवळून पाहिला तो चाकरांनी. त्यांनी विश्वास ठेवला असे वचनात कुठेही म्हटलेले नाही. विश्वास बसला तो आधीपासून येशूच्या मागे चालू लागलेल्या चार-सहा जणांचा. पाहणे आणि विश्वास ठेवणे यांत अंतर असते हे पहिल्याच चिन्हापासून दिसते.

मग यरुशलेमेत विश्वास ठेवणाऱ्यांपासून येशूने अंतर का राखले?

वल्हांडण या यहुदी सणात त्याने केलेली चिन्हे पाहून पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, कारण माणसाच्या मनात काय असते हे त्याला ठाऊक होते (2:23-25). वचन कठोर वाटते. पण योहान त्या लोकांना खोटे म्हणत नाही. त्यांचा विश्वास अजून कशावर उभा आहे हे ठरायचे होते.

आणि लगेच पुढच्या ओळीत निकदेम येतो, रात्रीच्या वेळी. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), शिक्षक, यहुद्यांच्या न्यायसभेचा सभासद. तो म्हणतो, आपण करता ती चिन्हे देव बरोबर असल्याशिवाय कोणाला करता येणार नाहीत (3:2). तर्क अगदी सरळ आहे. येशू त्याला शाबासकी देत नाही. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसत नाही, एवढे सांगतो. निकदेम गोंधळतो आणि कथेतून नाहीसा होतो. पुढे सातव्या अध्यायात तो येशूच्या बाजूने एक कायद्याचा मुद्दा काढतो आणि सहकाऱ्यांची बोलणी खातो. शेवटी वधस्तंभावरून उतरवलेल्या देहासाठी तो सुमारे 33 किलो गंधरस व अगरू घेऊन येतो (19:39). त्या वेळी कोणतेही चिन्ह चालू नव्हते. चमत्कार करणारा मेला होता, शिष्य पांगले होते, आणि त्याच्या बाजूने उभे राहण्यात धोका होता. चिन्हे पाहून आलेला माणूस चिन्हे थांबल्यावरही आला. निकदेमाचा विश्वास कुठवर पोचला हे मला या एका कृतीवरून कळते, त्याच्या रात्रीच्या बोलण्यावरून नाही.

पाहण्याआधी विश्वास ठेवल्याचे एखादे उदाहरण आहे का?

कफर्णहूमच्या अंमलदाराचे (4:46-54). ही गोष्ट लहान आहे आणि घाईत वाचली जाते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

राजाच्या पदरचा हा अधिकारी. मुलगा तापाने मरायला टेकला आहे. कफर्णहूम गालील सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीहून सुमारे 200 मीटर खाली; काना वर डोंगराळ भागात. माणूस ती चढण चढून येतो आणि येशूला खाली चला म्हणून विनवतो. उत्तर येते ते झोंबणारे: “तुम्ही चिन्हे व अद्भुते पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणारच नाही.” तो वाद घालत नाही, सफाई देत नाही. माझे मूल मरण्यापूर्वी चला, एवढेच पुन्हा म्हणतो.

येशू जात नाही. जा, तुझा मुलगा वाचला आहे, असे सांगतो. आणि तो माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवून निघतो.

आता त्याच्या जागी उभे राहून बघा. हातात काही नाही. औषध नाही, चिठ्ठी नाही, येशू बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी वाटेत चाकर भेटेपर्यंत खरे-खोटे करायला कोणताही मार्ग नाही. चाकर येऊन सांगतात, मुलगा बरा आहे. बाप विचारतो, कधीपासून उतार पडला? काल सातव्या तासाला, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास. हीच ती वेळ. मग त्याने व त्याच्या सगळ्या घराण्याने विश्वास ठेवला.

योहानाने त्याच्या विश्वासाचा उल्लेख दोनदा केला आहे, आणि त्या दोन उल्लेखांच्या मधे एक अख्खी रात्र आहे. चमत्कार दुसऱ्यासाठी कारण ठरला. पहिला विश्वास नुसत्या शब्दावर होता.

पाच हजारांना भाकरी खाऊ घातल्यावर लोक दुसऱ्याच दिवशी पुन्हा चिन्ह कसे मागतात?

सहावा अध्याय वाचताना हे खटकलेच पाहिजे. जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या, पाच हजार पुरुष, उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या. लोक इतके भारावतात की त्याला बळजबरीने राजा करायला निघतात. तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी सरोवराच्या पलीकडे त्याला गाठतात, तेव्हा तो म्हणतो, तुम्ही चिन्हे पाहिली म्हणून आला नाहीत, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात (6:26). आणि थोड्याच वेळात तेच लोक विचारतात: आम्ही पाहून विश्वास ठेवावा म्हणून आपण कोणते चिन्ह करता? आमच्या पूर्वजांनी रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, खाल्ला (6:30-31).

भुकेल्या माणसांची ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रोमी सत्तेखाली करांनी पिळलेल्या गालीलात पोटभर भाकरी ही लहान गोष्ट नव्हती, आणि येशूनेच त्यांना जेवू घातले होते. अडचण अशी की कालच्या भाकरीने आजची भूक भागत नाही. चमत्कारावर टेकलेल्या विश्वासाला रोज नवा चमत्कार लागतो. येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणू लागतो, बोलणे अवघड होत जाते आणि अनेक शिष्य माघारी फिरतात (6:66). तुम्हीही जाऊ पाहता काय, असे तो जवळच्या बारा शिष्यांना विचारतो. त्यांच्यातल्या पेत्राचे उत्तर असे आहे: “प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? सार्वकालिक जीवनाची वचने आपल्याजवळ आहेत.” टोपल्या पेत्राने स्वतःच्या हाताने उचलल्या असतील. तरी राहण्याचे कारण सांगताना त्याने भाकरीचे नाव काढले नाही.

चमत्कारातून विश्वास वाढत कसा जातो? की तो एकदम येतो?

नववा अध्याय हेच दाखवतो. माझ्या मते या विषयावर बायबलमध्ये याहून चांगले काही नाही.

जन्मापासून आंधळा असलेला एक भिकारी. येशू थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोह तळ्यात धुवायला पाठवतो. तो चाचपडत जातो, धुतो, आणि पाहत परत येतो. इथपर्यंतची हकिकत अवघ्या सात वचनांत संपते. उरलेली चौतीस वचने चौकशीची आहेत.

आधी शेजारीपाजारी: हा तोच का? नाही, त्याच्यासारखा दिसतो. तो म्हणत राहतो, मीच तो. कोणी बरे केले? येशू नावाच्या माणसाने. मग परूशी विचारतात, त्याच्याविषयी तुझे काय मत? तो संदेष्टा आहे. मग आईबापांना बोलावले जाते. मुलगा आमचाच, जन्मांधच, पण कसे दिसू लागले ते ठाऊक नाही. तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. सभास्थानातून बहिष्कृत होण्याची भीती त्यांना होती हे योहान स्पष्ट लिहितो. आयुष्यभर आंधळे लेकरू सांभाळलेल्या आईबापांना त्या आनंदाच्या दिवशी असे बोलावे लागले, हे वाचताना गलबलते.

पुन्हा त्याला बोलावतात. तो मनुष्य पापी आहे हे आम्हाला ठाऊक आहे, असे त्याला ऐकवतात. त्यावर त्याचे उत्तर असे: तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही; एक मात्र ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. पुन्हा तेच प्रश्न आल्यावर तो विचारतो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचे आहे काय? शेवटी म्हणतो, हा देवापासून नसता तर त्याला काही करता आले नसते. त्याला बाहेर घालवून देतात.

आणि तेव्हा येशू त्याला शोधत येतो. लक्षात घ्या, या माणसाने येशूला अजून पाहिलेलेच नव्हते. चिखल लावला तेव्हा तो आंधळा होता, आणि दृष्टी आली ती तळ्यावर. ज्या तोंडाची त्याने दिवसभर बाजू घेतली ते तोंड तो आता पहिल्यांदा पाहत होता. मग त्याने म्हटले, प्रभू, मी विश्वास ठेवतो.

येशू नावाचा माणूस, मग संदेष्टा, मग देवापासून आलेला, मग प्रभू. चमत्कार एकदाच झाला. विश्वास मात्र चौकशीत, वादात, घरच्यांनी हात झटकल्यावर आणि समाजाने बाहेर काढल्यावर पायरीपायरीने पुढे गेला.

चमत्कार डोळ्यांदेखत घडूनही विश्वास न ठेवणारे असतात का?

पुष्कळ. येशूचा मेलेला मित्र लाजार चौथ्या दिवशी येशूच्या हाकेने थडग्यातून बाहेर आला, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी विश्वास ठेवला आणि काहींनी परूश्यांकडे जाऊन खबर दिली (11:45-46). मुख्य याजकांच्या सभेत चिन्ह कोणी नाकारत नाही. हा पुष्कळ चिन्हे करतो, याला असेच सोडले तर सगळेच विश्वास ठेवतील आणि रोमी येऊन आपले स्थान घेतील, ही त्यांची काळजी. त्याच बैठकीतून येशूला मारण्याचा बेत पुढे सरकतो, आणि नंतर लाजारालाही मारायचे ठरते (12:10), कारण तो जिवंत पुरावा होऊन फिरत होता. पुरावा कमी पडला असे म्हणायला इथे जागाच नाही. तो मान्य केला तर काय सोडावे लागेल, ते सोडायची तयारी नव्हती.

जुन्या करारातही हेच. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांसाठी तांबड्या समुद्रातून वाट निघाली आणि त्यांनी परमेश्वरावर विश्वास ठेवला (निर्गम 14:31). पुढच्याच अध्यायात पाण्यासाठी कुरकुर, त्यापुढे अन्नासाठी, आणि बत्तिसाव्यात सोन्याचे वासरू.

येशूने चिन्ह दाखवायला नकार का दिला?

मागणाऱ्याला पाहून. परूशी परीक्षा घेण्यासाठी आकाशातून चिन्ह मागतात, तेव्हा तो आत्म्यात विव्हळून नाही म्हणतो आणि नावेत बसून निघून जातो (मार्क 8:11-13). गालीलाचा शासक हेरोद याला एखादा चमत्कार बघायची हौस होती. त्याच्यापुढे तो तोंडही उघडत नाही (लूक 23:8-9). मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखव, ही तर सैतानाची सूचना. आणि वधस्तंभाखाली उभे असलेले म्हणतात, आता खाली उतर, म्हणजे आम्ही पाहून विश्वास ठेवू (मार्क 15:32). त्याने उतरून दाखवले असते तर पाहणारे थक्क झाले असते. पण मग ख्रिस्ती माणसाजवळ सांगायला काय उरले असते?

गरजवंताला मात्र तो कधी नाही म्हणत नाही. कुष्ठरोगी, रक्तस्रावाने बारा वर्षे गांजलेली बाई, वेशीवर भीक मागणारा बार्तीमय, यांच्याकडून त्याने आधी कसली परीक्षा घेतली नाही.

आधी विश्वास की आधी चमत्कार?

दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे सूत्र बांधता येत नाही. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे थोड्याशा रोग्यांवर हात ठेवण्यापलीकडे त्याला काही करता आले नाही (मार्क 6:5-6). उलट बेथेसदा तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाने विश्वासाचा एक शब्दही काढला नव्हता. आपल्याला बरे करणारा कोण हेही त्याला माहीत नव्हते (योहान 5:13). तरी तो चालू लागला. बरे झाल्यावर त्याने विश्वास ठेवला असेही लिहिलेले नाही. त्याने जाऊन यहुदी पुढाऱ्यांना येशूचे नाव सांगितले, एवढेच.

थोमा अविश्वासू होता का?

थोमा हा बारा शिष्यांपैकी एक; त्याच्या नावाला चिकटलेले हे बिरूद मला अन्यायाचे वाटते. लाजाराच्या गावी जाण्यात जिवाला धोका होता, तेव्हा आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ असे म्हणणारा हाच थोमा (11:16). पुनरुत्थानानंतर बाकीच्या दहा जणांनी प्रभूला पाहिले होते. हा त्या संध्याकाळी तिथे नव्हता. खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला, म्हणजे इतरांना जे मिळाले तेच त्याने मागितले. आठ दिवस तो त्यांच्यातच राहिला. त्याला कोणी घालवले नाही आणि तोही उठून गेला नाही. आमच्या मंडळ्यांनी (चर्चमधल्या समुदायांनी) हे आठ दिवस नीट वाचावेत. शंका घेणाऱ्या तरुणाला आपण किती दिवस आपल्यात बसू देतो?

येशू येतो आणि हात पुढे करतो. थोमाने बोट घातले असे योहान लिहीत नाही. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने 1600 नंतर काढलेल्या प्रसिद्ध चित्रामुळे आपल्या डोळ्यांसमोर ते दृश्य बसले आहे. वचनात आहे ते त्याचे बोलणे: माझ्या प्रभू, माझ्या देवा. साऱ्या शुभवर्तमानात कोणा शिष्याने दिलेली एवढी मोठी कबुली दुसरी नाही. त्यानंतर येशू म्हणतो, “पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य!” हे वाक्य थोमाला हिणवण्यासाठी नसून वाचणाऱ्यांसाठी आहे, योहान लिहीत होता तेव्हा येशूला पाहिलेली पिढी बहुतेक संपत आली होती. सहाव्या शतकातल्या पोप महान ग्रेगरीने प्रवचनात म्हटले होते की इतरांच्या विश्वासापेक्षा थोमाच्या शंकेचा आपल्या विश्वासाला अधिक उपयोग झाला.

भारतातल्या ख्रिस्ती लोकांना थोमा जवळचा वाटतो त्याला आणखी कारण आहे. तो इ. स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि चेन्नईतल्या मैलापूरला त्याला हौतात्म्य आले, अशी तिथल्या मंडळीची परंपरा आहे.

मी कधीच चमत्कार पाहिला नाही. माझा विश्वास दुय्यम ठरतो का?

नाही. सूखार गावच्या शोमरोनी लोकांनी एकही चिन्ह पाहिले नव्हते. येशूला विहिरीवर भेटलेल्या बाईच्या साक्षीवरून ते आले, दोन दिवस येशूला ठेवून घेतले, आणि मग तिला म्हणाले, आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे (4:42).

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना धरून ठेवले ते मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे ज्या तीन अध्यायांत एकही रोगी बरा होत नाही त्यांनी. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यासाठी घरदार, जातगोत सगळे पणाला लावले. त्यांची गीते आपण आजही उपासनेत म्हणतो. चमत्काराची साक्ष नसलेल्या माणसाला सभेत मागच्या बाकावर बसल्यासारखे वाटू नये.

जो कोणी चमत्कार करतो तो देवाकडचाच समजायचा का?

अजिबात नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे: संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका. प्रभू, आम्ही तुझ्या नावाने अद्भुते केली, असे म्हणणाऱ्यांना येशू सांगेल, माझी तुमची कधीच ओळख नव्हती (मत्तय 7:22-23). शोमरोनातल्या शिमोन जादूगाराने बाप्तिस्मा घेतला, चमत्कार पाहून थक्क झाला, आणि पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत घ्यायला पैसे पुढे केले (प्रे. कृत्ये 8).

लुस्त्र गावचा प्रसंग तर विसरू नये असा. प्रेषित पौलाने एका पांगळ्याला उभे केले. गर्दीने पौल व त्याचा सोबती बर्णबा यांना देव ठरवले, बैल आणि हार आणले. थोड्याच वेळात बाहेरून आलेल्यांनी त्याच गर्दीला फिरवले आणि तिच्यादेखत पौलाला दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकले (प्रे. कृत्ये 14:8-19).

प्रार्थना केली, उपास केला, पण बरे वाटले नाही. विश्वास कमी पडला का?

हा प्रश्न बहुतेक वेळा रडत विचारला जातो, म्हणून उत्तर सरळ देतो. आजारी माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याने सांगितले त्याने चूक केली.

पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. तो गेला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे” हे उत्तर मिळाले (2 करिंथ 12:7-9). पोटाच्या आणि वारंवारच्या दुखण्यासाठी तीमथ्याला तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (1 तीमथ्य 5:23). त्रफिमाला आजारी असताना मिलेतात ठेवून यावे लागले (2 तीमथ्य 4:20). ज्याच्या हातून पांगळे चालले त्या पौलाचे हे सोबती. त्यांच्या विश्वासावर त्याने एका शब्दाने बोट ठेवलेले नाही. बेथेसदाच्या ओवऱ्यांमध्ये रोग्यांचा समुदाय पडून होता. त्या दिवशी त्यांतला एक उठला. बाकीच्यांचा दोष काय, हे योहान लिहीत नाही, आणि आपणही ठरवायला जाऊ नये.

चंगाई सभेत बरे वाटले. औषध बंद करू का?

नको. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, क्षयरोगाचा कोर्स, केमो यांपैकी काहीही डॉक्टरांच्या तपासणीशिवाय थांबवू नका. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला येशूने याजकाकडे जाऊन दाखव असे सांगितले (मार्क 1:44), आणि नियमशास्त्रानुसार कुष्ठाची तपासणी करून निर्वाळा देणे हे याजकाचेच काम होते. खरी चंगाई तपासणीला घाबरत नाही.

कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रातला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, फसवणे किंवा दहशत घालणे, तसेच साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेण्यापासून रोखणे, हे गुन्हे ठरवतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. प्रार्थनेला त्यात आडकाठी नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, तेल लावा, हात ठेवा, आणि गोळी वेळेवर द्या.

आज चमत्कार घडतात असे सगळ्या मंडळ्या मानतात का?

एकमत नाही. काही प्रोटेस्टंट परंपरा मानतात की चिन्हांची दाने, म्हणजे चमत्कार करण्याची देवाने दिलेली सामर्थ्ये, प्रेषितांच्या काळापुरती होती. पेंटेकॉस्टल मंडळ्या ती आजही चालू आहेत असे मानतात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेले आत्मिक संजीवन जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात मोजले जाते. कॅथलिक मंडळी मानते, पण तपासून. फ्रान्समधल्या लूर्द येथे 1883 पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथे हजारो दावे नोंदवले गेले आणि मंडळीने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेले साधारण सत्तर. हा सावधपणा मला विश्वासाला धरूनच वाटतो.

हे चमत्कार इतिहास म्हणून सिद्ध करता येतात का?

उत्खननाने जागा सापडतात. यरुशलेमेत संत अॅन चर्चजवळ बेथेसदाचे तळे सापडले, 2004 मध्ये शिलोह तळ्याच्या पायऱ्या सापडल्या. योहानाला त्या काळचे यरुशलेम ठाऊक होते एवढे त्यावरून म्हणता येते. तिथे आंधळ्याला दृष्टी आली हे दगड सांगू शकत नाहीत. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये मांडलेला आक्षेप, की निसर्गनियमाविरुद्धची साक्ष खरी असण्यापेक्षा साक्षीदार चुकला असण्याचा संभव नेहमीच जास्त, तो ऐकून घ्यावा, टाळू नये. जगात देव काही करूच शकत नाही असे आधीच धरले तर ह्यूमशी वाद उरत नाही. तसे धरले नाही, तर प्रत्येक साक्ष तपासावी लागते. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण सिद्ध झाले म्हणून कोणी विश्वास ठेवतोच असे नाही, हे लाजाराच्या वेळी दिसलेच.

वाचायला सुरुवात कुठून करू?

योहानाचा दुसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत, सहावा दुसऱ्या, अकरावा तिसऱ्या. नवव्याला घाई नको. घरात चार माणसे असतील तर आंधळा, आईबाप, परूशी आणि येशू अशी बोलणी वाटून घेऊन मोठ्याने वाचा, मुलांनाही घ्या. विसावा शेवटी. ज्यांच्या घरात आजारपण चालू आहे त्यांनी मात्र मार्क 9:14-29 पासून सुरुवात करावी. तिथे लहानपणापासून झटके येणाऱ्या मुलाचा बाप येशूला म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,” आणि येशू त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरच मुलाला बरे करतो. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बापाचे तेच वाक्य म्हणावे.